मालनचा नेम

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मालनने आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि पाण्याने भरलेल्या दोन मोठ्या बाटल्या हातांत घेऊन ती गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. पायांत चप्पल नाही, पोटात चहा नाही. या दिवशी सुरू केलेलं काही सरत नाही अशी तिची श्रद्धा होती, आणि तिला न सरणारी ताकद हवी होती. तिचा नवरा राजाराम पेपरातून डोकं वर काढून बघत राहिला. सूर्याला पाणी द्यायला एवढ्या मोठ्या बाटल्या कशाला, ते त्याला कळेना.

"काय चाललंय गं?"

"नेम धरलाय."

"कसला?"

"हातांचा," मालन म्हणाली आणि बाटल्या खांद्यापर्यंत उचलून हळूहळू खाली आणू लागली.

बायकोच्या नेमधर्मात नाक खुपसायचं नाही, एवढं शहाणपण संसाराने राजारामला शिकवलं होतं. त्याने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

अकराव्या मजल्यावरच्या त्या गॅलरीतून सकाळी खाली काही दिसत नसे. खाडीकडून धुकं यायचं, आणि कांजूरमार्गच्या सगळ्या इमारती बुडख्याशिवाय नुसत्या वरच्या वर तरंगत असल्यासारख्या दिसायच्या. वारा फिरला की कचऱ्याच्या डेपोचा वास यायचा आणि माणूस जमिनीवर यायचा. पण त्या दिवशी वारा भला होता. मालन हात वर न्यायची, खाली आणायची, आणि तिला वाटायचं की आपण गॅलरीत नाहीच, कुठल्यातरी पाण्यावर उभ्या आहोत.

आता बाईमाणसाने साठीला टेकल्यावर हातांचा नेम का धरावा? तर त्यामागे फुगडी होती, आणि फुगडीमागे शकू होती.

मालन आणि शकू मालवणकडच्या एकाच वाडीतल्या. एकाच वर्षी लग्न होऊन मुंबईला आल्या, आणि नशीब बघा, एकाच चाळीत. चाळ पडली, तिथे ही उंच इमारत आली, तेव्हा मालनला अकरावा मजला मिळाला आणि शकूला चौदावा. तीन मजल्यांचं ते अंतर दोघींना इतकं खुपलं होतं की पहिला महिनाभर त्या लिफ्टला शिव्या घालत होत्या. मधल्या काळात दोघींच्याही घरात बरंच काही झालं. मालन साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्क्रूचे खोके भरायला जात होती ते सुटलं, शकूचा नवरा गेला, मुलं मोठी झाली, सुना आल्या. पण गौरी आल्या की या दोघींची फुगडी व्हायचीच, आणि ती बघायला खालच्या मजल्यांवरून बाया यायच्या.

फुगडी लांबून बघणाऱ्याला वाटतं, दोघी आपल्या गोल फिरताहेत. तसं नाही ते. हातांची कैची करायची, पावलाला पाऊल भिडवायचं आणि अंग पार मागे टाकून द्यायचं. मग आपला सगळा भार समोरचीच्या हातांत, तिचा आपल्या. एकटी कुणीच उभी नसते. वेग वाढला की भिंती पुसल्या जातात, दिव्यांची एक लांब पिवळी रेघ होते, आणि त्या सगळ्या गरगरीत एकच गोष्ट जागची जागी राहते, ती म्हणजे समोरचा चेहरा. मालनला आयुष्यात जे काही सुख मिळालं, त्यातलं बरंच तिला तिथे, शकूच्या चेहऱ्यासमोर मिळालं होतं.

गेल्या भाद्रपदात मात्र चौदाव्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये, फुगडी ऐन रंगात असताना दोघींचे हात सुटले. मालन भिंतीवर जाऊन आदळली, शकू लिफ्टच्या दारावर. मालनचं खांद्यावर निभावलं. शकूचं मनगट मोडलं आणि दिवाळीचा फराळ तिने प्लास्टरमधल्या हाताकडे बघत सुनेकडून करून घेतला. तेव्हाच ती सून, तेजल, चकल्या पाडता पाडता सहज म्हणून गेली, "काकींच्या हातात आता जोर राहिला नाही ना, त्याला त्या तरी काय करणार." मालन तिथेच बसली होती. तेजलच्या बोलण्याचं तिला फारसं लागलं नाही. शकू ऐकत होती आणि काही बोलली नाही, ते लागलं.

प्लास्टर निघालं, पण शकू काही पूर्वीची झाली नाही. आधी ती कालवणाची वाटी मालनच्या हातात द्यायची आणि वर दोन शब्द सुनवायची. आता वाटी दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर ठेवायची आणि "घे गो" म्हणून मागे सरायची. मालनने हे दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं आणि तिचं काळीज तुटलं. आपल्या हातावर वाटीभर कालवणाचासुद्धा भरवसा उरला नाही हिला! येत्या गौरीला शकूने आपल्याला हात दिले नाहीत तर सगळं संपलं, असं तिच्या मनाने घेतलं. म्हणून हा नेम.

इमारतीच्या तळमजल्यावर रेवती नावाची एक मुलगी बायकांसाठी व्यायामाचा वर्ग घ्यायची. मुलगी फटकळ, पण मायेची. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी यायचं, असं तिने मालनला सांगितलं. रेवतीने तिला लोखंडी डंबेल्स धरून चालायला शिकवलं, भिंतीला हात टेकून जोर काढायला शिकवलं आणि दांड्याला लोंबकळायला शिकवलं. लोंबकळायचं मालनला फार आवडलं. डोळे मिटून लटकलं की पाय जमिनीला लागत नाहीत, कान गार पडतात, आणि वाडीतल्या फणसाच्या खालच्या फांदीला लटकून शकूला "ढकल गो" म्हणणारी परकरी मालन कुठूनतरी हळूच अंगात येऊन राहते.

"काकी, सोडा आता. झोपलात की काय?" रेवती ओरडायची.

इथपर्यंत सगळं बरं होतं. पण मालनच्या डोक्यात नेम होता, आणि नेमाला खाडा चालत नाही. आठवड्यातून दोन दिवस केलेल्या गोष्टीला नेम कोण म्हणेल? उरलेल्या दिवशी ती घरी बाटल्या उचलू लागली. मग बाटल्यांच्या जागी तांदळाचा डबा आला. सोमवारी उपास, म्हणून सोमवारी दुप्पट. एकदा ताप होता तेव्हाही तिने अंथरुणातून उठून डबा उचलला आणि देवाला हात जोडले. नेम म्हणजे सोसणं आलंच, अशी तिची पक्की समजूत. जितकं दुखेल तितकं पदरात पडेल.

पदरात पडलं ते वेगळंच. पाऊस लागला त्या सुमाराला तिला वेणी घालता येईना. हात डोक्यापर्यंत जायचे आणि थरथरत खाली यायचे. एका सकाळी दुधाचं पातेलं उचललं आणि ते सरळ खाली गेलं. पांढरं दूध फरशीवरून शांतपणे फ्रिजखाली चाललं होतं आणि मालन ते नुसतं बघत उभी राहिली. तेजल म्हणाली होती ते खरं होतं तर. जोर राहिला नव्हता, आणि इतकं करूनही येत नव्हता. ती तिथेच दुधात बसून रडली. राजारामने काही न विचारता फडकं आणलं, आणि फरशी पुसून झाल्यावर म्हणाला, "त्या पोरीला जाऊन विचार तरी."

रेवतीने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"रोज? काकी, रोज? आणि सोमवारी उपाशीपोटी डबल?"

"नेम आहे तो."

"कसला नेम, वाट लागली ना हातांची! मी काय सांगितलं होतं? मंगळवार आणि शुक्रवार. बस. अर्धा तास. त्याच्या मध्ये काही उचलायचं नाही, नीट जेवायचं आणि झोपायचं."

"मधले दिवस नुसतं बसून कशी ताकद येईल?"

"मधल्याच दिवसांत येते ती. इथे तुम्ही फक्त हाताला सांगून जाता, की बाबा, एवढं लागणार आहे. हात घरी जाऊन आपलं बघतो. तुम्ही त्याला बघूच देत नाही. रोज जाऊन दार वाजवता."

मालनला ते पटलं नाही. ती तोंड वाकडं करून घरी आली. दोन दिवस करायचं आणि पाच दिवस लोळायचं, याला काय व्यायाम म्हणतात? त्या संध्याकाळी आंबोळ्यांचं पीठ वाटून तिने झाकण ठेवलं, आणि झाकणावर हात तसाच राहिला. हे पीठ रात्रभर कुणी ढवळत बसतं का? जन्मभर तिने ते झाकून ठेवलं होतं आणि सकाळी ते आपलं आपण फुगून वर आलं होतं. मध्येच झाकण काढून बघणाऱ्या सुनेवर ती ओरडलीही होती. मग तिने देवापुढे जाऊन सांगितलं की नेम बदलतेय, मंगळवार आणि शुक्रवार, बाकीचे दिवस तुझे. देवाने काही हरकत घेतली नाही.

पहिले काही दिवस तिला चोरी केल्यासारखं वाटलं. बुधवारी सकाळी हात रिकामे घेऊन गॅलरीत बसायचं म्हणजे फार कठीण. पण पाऊस पडत होता, समोरच्या इमारती त्यात विरघळून पुन्हा उगवत होत्या, आणि दुपारी जेवण झालं की झोप अशी यायची जशी लहानपणी यायची. त्या झोपेत तिची आई यायची. काही बोलायची नाही. उशाशी बसून मालनचे हात खोबरेल तेलाने खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायची, एकेक बोट ओढून सरळ करायची. मालन विचारायची, "किती दिवस लागतील गो आये?" आई हसायची आणि दुसरा हात घ्यायची. जाग आली की तळव्यांना खरंच ऊब असायची. पावसाळी उकाड्याची असेल, पण मालनने ती आईच्या नावावर जमा केली.

राजाराम थट्टा करायचा. "आज काय, झोपेचा क्लास?"

"हो. मोठ्याने बोलू नका, माझे हात वाढतायत," मालन डोळे न उघडता म्हणायची.

आणि ते वाढत होते. श्रावणात तिने लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण एका झटक्यात फिरवलं. दांड्याला ती आता इतका वेळ लोंबकळायची की रेवतीच म्हणायची, "झकास काकी, पुढच्या महिन्यापासून तीन दिवस करू, वजनही वाढवू." मालनला गगन ठेंगणं झालं. साठीच्या उंबरठ्यावर तिचं अंग तिला नव्याने सापडत होतं. तिला आणखी पुढे जायचं होतं. कुठे ते ठाऊक नव्हतं, पण वाट फार गोड लागत होती.

त्या आनंदातच ती चौदाव्या मजल्यावर गेली. शकू दारात आली.

"बघ," मालनने दंड पुढे केला. "दाबून बघ."

शकूने दाबलं नाही. नुसतं बघितलं. "बरा आसा," ती म्हणाली.

"यंदा फुगडी घालायची."

"बघूया गो," शकू म्हणाली. हात तिने पदराखाली घेतले होते. मालन लिफ्टमध्ये शिरली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. इतकं करूनही हिचा विश्वास बसत नाही म्हणजे काय! मग हात कितीही वाढवून उपयोग काय त्यांचा?

गौरी आल्या. पूजनाच्या दिवशी तिन्हीसांजेला शकूच्या घरचं हळदीकुंकू आटोपलं आणि बाया पॅसेजमध्ये आल्या. कुणीतरी चपला बाजूला सारल्या, कुणीतरी लिफ्टचं बटण दाबू नका म्हणून खालच्या मजल्यावर ओरडून सांगितलं. तेजलने आणि शेजारच्या किरणने एक फुगडी घातली, आणि ती अर्ध्यातच हसून मोडली. मग सगळ्यांच्या माना मालन आणि शकूकडे वळल्या.

मालन पुढे आली. तिने हातांची कैची करून ते शकूसमोर धरले आणि तशीच उभी राहिली. तिला वाटलं, आपला श्वास सगळ्यांना ऐकू जातोय.

शकू खाली बघत होती. मग तिने पदर खोचला आणि दोन्ही हात मालनच्या हातांत ठेवले.

पाऊल पावलाला भिडलं. आधी हळू, मग जरा वेगात. बाया "फू, फू" करून साथ देऊ लागल्या. मालनने अंग मागे टाकलं आणि शकूचा भार तिच्या हातांत आला, ओळखीचा, जसाच्या तसा. भिंती पुसल्या गेल्या. दिव्याची पिवळी रेघ झाली. समोर शकूचा चेहरा होता, आणि तो कधी साठीचा, कधी विशीचा, कधी फणसाखालचा दिसत होता. मालनला वाटलं, हे असंच राहावं, कुणी थांबवूच नये.

आणि मग तिच्या मुठीतली शकूची बोटं सैल झाली.

कुणी मुद्दाम सोडवतं तशी नाही. झोपी गेलेल्या तान्ह्या पोराची मूठ उघडते, तशी ती एकेक करून उघडली. शकू मात्र जागी होती, आणि तिला ते कळलंही नव्हतं. ती हसत होती. तिचं सगळं अंग मागे होतं, बिनघोर, जणू आपण अजून घट्ट धरलेलं आहे.

त्या एका गिरकीत मालनला सगळं कळलं. गेल्या वर्षी हेच झालं होतं. सुटले होते ते शकूचे हात. वाटी कपाटावर ठेवणारे, पदराखाली लपणारे हे हात स्वतःलाच भीत होते. वर्षभर आपण तिच्यावर रुसलो आणि वर्षभर ती हे एकटीने घेऊन बसली. मालनला स्वतःची लाज वाटली, पण विचार करायला वेळ नव्हता. तिने बोटं सोडून झटक्यात शकूची मनगटं पकडली आणि आवळली. आता दोघींचा भार तिच्या एकटीच्या हातांत होता. खांदे ताणले, दंड पेटले, पण धरलेलं सुटलं नाही. वेग एकदम तोडला असता तर शकू पडली असती. म्हणून तिने तो हळूहळू उतरवत आणला. भिंती परत भिंती झाल्या, दिवे परत जागेवर गेले, आणि दोघी उभ्या राहिल्या.

"अगं बाई, थांबल्या का?" किरण म्हणाली.

"माझाच दम गेला," मालन मोठ्याने म्हणाली. "आता नाही झेपत मला."

"एवढं जिम करून?" तेजल हसली, आणि बाकीच्याही हसल्या. पुढची जोडी पॅसेजच्या मधोमध आली.

मालनने शकूला धरून जिन्यात नेलं. दोघी पायरीवर बसल्या. बाहेर फुगडीचा आवाज चालला होता.

"कधीपासून?" मालनने विचारलं.

शकू आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, "दोन वरसां झाली. आधी मुंग्या येयत. आता बोटांका कळनाच नाय गो, काय धरलंय ता. हात मोडलो तेव्हा तेजल तुझा नाव घेता आसताना मी गप रवलंय." तिने पदराने नाक पुसलं. "झिलाक समाजला तर माका गॅसकडे उभी रवाक देवचो नाय. मगे मी घरात काय करू?"

मालनला राग यायला हवा होता. आला नाही. तिने शकूचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि आई चोळायची तसा चोळू लागली.

"उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते. तुझ्या मुलाला काय सांगायचं ते दोघी मिळून सांगू. आणि डॉक्टर हो म्हणाले की रेवतीकडे."

"माझ्यान रोज जमूचा नाय."

"रोज करतच नाहीत. मलाही ते हात बिघडल्यावरच कळलं."

"मगे किती?"

मालनच्या डोळ्यांसमोर पुढचा महिना आला. तीन दिवस, जास्तीचं वजन, ती गोड वाट. तिने तो क्षणभर नीट बघून घेतला.

"सुरुवातीला एक दिवस," ती म्हणाली. "तुझा जो दिवस, तोच माझा."

"आणि किती वेळ?"

"तू दमशील तोवर."

"तू खय दमतलंस गो तेवढ्यात? रेड्यासारखी झालंस."

"तुला उचलून दमेन," मालन म्हणाली, आणि दोघी तोंडावर पदर घेऊन हसल्या. हसता हसता शकूने डोळे पुसले.

आतून तेजलने आरतीला हाक मारली. मालन उठली आणि तिने खाली हात दिला. शकूने आपला हात वर केला आणि तिच्या हातात ठेवला. मग ती तशीच बसून राहिली, मालनच्या तोंडाकडे बघत.

"धरलंस मा?" तिने विचारलं.

"धरलंय," मालन म्हणाली. "ऊठ."